खूण नसलेलं पाखरू

जबलपूरजवळच्या रांझीत आमच्या क्वार्टरमध्ये भांडी आपोआप वाजायची. सरकारी दारूगोळा कारखान्याच्या पलीकडे, टेकड्यांच्या पायथ्याशी एक मोकळं मैदान होतं. तयार झालेल्या तोफगोळ्यांपैकी काही गोळे तिथे डागून पाहायचे. गोळा सुटला की आधी खिडकीच्या काचा थरथरायच्या, मग फळीवरची पितळी पातेली एकमेकींना लागायची आणि मग आवाज यायचा. निदान मला तरी तसंच आठवतं, आवाज सगळ्यात शेवटी. नागपूरहून मामा आला की तो पहिल्या दिवशी दर धमाक्याला पानावरून अर्धा उठायचा. आई मात्र पोळी लाटत असेल तर लाटतच राहायची. चीनची लढाई झाल्यापासून ते मैदान कधी थंड पडलंच नाही. दिवसातून तीनदा भोंगा व्हायचा, एक पाळी आत जायची, एक बाहेर यायची आणि आमच्या दारावरून सायकलींचा लोंढा चेनींची खरखर करत निघून जायचा. त्या लोंढ्यात बाबांची सायकल कोणती हे आई चुलीपुढे बसून ओळखायची, कारण तिच्या मडगार्डाचा एक नट ढिला होता. तो आवाज आला की आई तवा ठेवायची आणि दादा व मी हातातलं जे असेल ते मिटायचो.

बाबा मारायचे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल. ते त्या मैदानावरच कामाला होते. गोळा डागायचा, तो कुठे पडला आणि कसा फुटला ते पाहायचं, हेच त्यांचं काम. बरीच वर्षं ते करून त्यांचे कान गेले होते. पूर्ण गेले असते तर कदाचित बरं झालं असतं, पण अर्धेच गेले होते. आम्ही हळू बोललो तर त्यांना वाटायचं, आपल्याबद्दल काही बोलून राहिले. मोठ्यानं बोललो तर वाटायचं, उलटून बोलतात. दादाला पट्ट्यानं, मला हातानं आणि आईला त्या क्षणी हाताला लागेल त्यानं. एकदा चिमटा होता, एकदा जेवणाचा भरलेला डबा होता, आणि त्यातलं वरण तिच्या पदरावरून कितीतरी वेळ निथळत होतं. शेजारच्या क्वार्टरची आणि आमची भिंत एकच. आमच्याकडे सुरू झालं की तिकडे रेडिओचा आवाज वाढायचा. सकाळी नळावर त्याच घरातल्या बाई आईला अगदी प्रेमानं बादली लावू द्यायच्या. माझी नात परवा हे ऐकून म्हणाली, "आजी, तो आप लोग चले क्यों नहीं गए?" तिला मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. मी तिला म्हटलं, कुठे जायचं होतं बाळा? तिला ते पटलं नाही. मलाही आता पटत नाही.

पण याच बाबांनी आमच्या घरात पक्षी आणले, हेही तितकंच खरं. चीनच्या लढाईनंतर अमेरिकेची मदत येऊ लागली, तेव्हा कारखान्यातून काही माणसांना शिकायला तिकडे पाठवलं, त्यांत बाबा होते. काही महिन्यांनी ते परत आले ते एक जाड ओव्हरकोट, विजेवर चालणारं दाढीचं यंत्र आणि पक्ष्यांचं एक पुस्तक घेऊन. ज्या म्हातारीच्या घरी त्यांना खोली मिळाली होती तिनं ते दिलं होतं. ती रोज सकाळी खिडकीबाहेर पाखरांना दाणे टाकायची आणि बाबा कॉफी पीत ते बघत बसायचे, असं त्यांनीच सांगितलं. बाबा शांत बसून पाखरं बघताहेत, हे चित्र मला तेव्हाही डोळ्यांपुढे आणता आलं नाही. परत आल्यावर मात्र थोडे दिवस ते खरंच निराळे होते. संध्याकाळी मागच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून ते दादाला आणि मला जवळ घ्यायचे आणि पुस्तक उघडायचे.

त्या पुस्तकात पक्षी ओळीनं एका बाजूला तोंड करून उभे असत, आणि दर पक्ष्याच्या अंगावर एखाद-दुसऱ्या ठिकाणी एक बारीक रेघ येऊन थांबलेली असे. त्या रेघेनं दाखवलेली जागा म्हणजे त्या पक्ष्याची खूण. "रंगावर जाऊ नका," बाबा म्हणायचे, "उजेड बदलला की रंग खोटं बोलतो. खूण खोटं बोलत नाही." कार्डिनल सगळाच लाल, पण खूण म्हणजे तुरा आणि चोचीभोवतीचा काळा मुखवटा. किलडिअर आपल्या टिटवीचा भाऊ, त्याच्या छातीवर दोन काळे पट्टे; एकच पट्टा असेल तर तो दुसराच कुणी. किंगबर्डच्या शेपटीच्या टोकाला चुन्यात बुडवल्यासारखी पांढरी कड. जंको उडाला की शेपटीच्या दोन्ही बाजूंना पांढरं चमकतं आणि बसला की काहीच नाही. जबलपुरात यांतलं एकही पाखरू येणार नव्हतं, हे आम्हाला कळत होतं. तरी त्या एका पावसाळ्यात आम्ही एका परक्या देशाची पाखरं तोंडपाठ केली. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याचं नाव विनायक, घरात विनू. पुस्तक मिटून तो फक्त खूण सांगायचा आणि मी नाव सांगायचं, आणि तो खूण सांगताना ती जागा स्वतःच्या अंगावर बोटानं दाखवायचा, गळा, खांदा, भुवई. बाबांचं निराळेपण दिवाळीपर्यंत टिकलं. पुस्तक त्यानंतरही राहिलं.

हिवाळा आला तेव्हा त्या पुस्तकातले काही पक्षी अचानक खरे झाले. बाबांना शिकारीचा नाद पहिल्यापासून होता. तेव्हा परवान्यावर बदकं मारायला मुभा होती. तिवारीजी नावाचे एक लाकडाचे ठेकेदार त्यांचे दोस्त. त्यांच्याकडे पलटणीच्या लिलावातली जुनी जीप होती, आणि रविवारी पहाटे ते दोघं आणि आम्ही दोघं कुंडमच्या रस्त्यानं एका मोठ्या तलावावर जायचो. मला नेत, कारण मेलेली बदकं गोळा करून पिशवीत भरायला कुणीतरी हवं. पहिल्या खेपेला पिशवीतलं एक बदक दादानं बाहेर काढलं, त्याची चोच बोटांत धरली आणि माझ्याकडे पाहिलं. चोच पुढे चमच्यासारखी पसरट होती. पुस्तकातल्या चित्रात रेघ नेमकी तिथेच येऊन थांबत होती. शिकारी त्याला तिदारी म्हणत. मग सींखपर सापडलं, चॉकलेटी डोकं आणि मानेच्या बाजूनं वर चढत गेलेली पांढरी रेघ. मग टिकरी. ती बदक नव्हे, पाणकोंबडीच्या जातीची. सगळं अंग कोळशासारखं काळं आणि चोच मात्र पांढरीशुभ्र, जणू कुणी खडू चिकटवलाय. काही पाखरं दोन्ही मुलखांत असतात, हे आम्हाला असं कळलं. मी माझ्या आयुष्यातल्या पहिल्या खुणा या मेलेल्या पाखरांवर शिकले. मान लुळी पडलेली, चोचीच्या कडेला रक्ताचा बुडबुडा, आणि पिसं अजून गरम. पंख उघडून आतला हिरवा किंवा निळा पट्टा बघायचा तर एका हातानं बदकाची छाती दाबून धरावी लागे आणि कधी कधी तिच्यात धडधड उरलेली असे.

घरी आलं की आई मागच्या अंगणात विटांची वेगळी चूल मांडायची, उकळत्या पाण्यात बदक बुडवून पिसं ओरबाडायची. ओल्या पिसांचा तो वास दोन दिवस तिच्या केसांना यायचा. ती स्वतः एक तुकडा खायची नाही, पण नागपुरी काळा मसाला घालून असा झणझणीत रस्सा करायची की तिवारीजी बोटं चाटत म्हणायचे, भाभीजी, हाथ चूमने का मन करता है. बाबा त्यावर हसायचे. ते गेले की त्याच वाक्यासाठी आईला मार पडायचा.

पाकिस्तानची लढाई झाली ते वर्ष. खिडक्यांना काळे कागद लावले होते, ते लढाई थांबल्यावरही कुणी काढले नव्हते. दादा तेव्हा कॉलेजात होता आणि त्यानं हवाईदलात जायचं ठरवलं होतं. त्याची नजर अशी होती की तलावाच्या पलीकडच्या काठावरून उठलेला थवा बिंदूंइतका असतानाच तो सांगायचा, पुढची चार सींखपर, मागची तिदारी. खाली आल्यावर ते तसंच निघायचं. लेखी परीक्षा आणि मुलाखत पार पडली होती, फक्त डॉक्टरी तपासणी उरली होती. बाबांनी हे कारखान्यातल्या सगळ्या शॉपमध्ये सांगितलं होतं, आणि घरी ते दादाला "ए पायलट" अशी हाक मारत. त्या हाकेत अभिमान होता आणि आणखीही काही होतं. बाबांचे कान गेले होते, आणि आता डोळ्यांनाही लांबचं नीट दिसत नव्हतं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, पण तलावावर त्यांचे बार फुकट जाऊ लागले होते. तिवारीजी थट्टा करायचे, भुसारीजी, गोली तो सरकारी नहीं है, जरा देख के.

त्या रविवारी धुकं होतं. तलावाच्या या काठाला सिंगाड्याची वेल पसरलेली असायची, आणि त्याचा हंगाम सरत आला होता. आम्ही बेशरमाच्या झुडपांमागे ओल्या गवतात बसलो होतो. सकाळपासून एक थवा वरून गेला होता आणि बाबांचे दोन्ही बार वाया गेले होते. तिवारीजींनी एक बदक पाडलं होतं. ते माझ्या पिशवीत होतं. थर्मासमधला चहा पिताना तिवारीजी म्हणाले की आज भाभीजींना डाळच शिजवावी लागणार. बाबांनी बंदुकीत नवी काडतुसं भरली. मला त्यांच्या कानशिलावरची शीर दिसत होती.

मग पाण्यावर, सिंगाड्याच्या पानांमध्ये, एक काळा गोळा हलला. धुक्यात तो कधी दिसायचा, कधी नाही. बाबा एका गुडघ्यावर आले आणि त्यांनी बंदूक खांद्याला लावली. तिवारीजी कुजबुजले, क्या है? बाबा म्हणाले, टिकरी. दादा माझ्या शेजारी होता. तो पुढे वाकला आणि त्यानं डोळे बारीक केले.

"बाबा, थांबा," तो म्हणाला. "टिकरीची चोच पांढरी असते. पांढरं कुठं आहे?"

बाबांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. त्यांचं बोट घोड्यावर होतं. दादा पुन्हा म्हणाला, आता मोठ्यानं, "त्याला खूणच नाही बाबा. ते पाखरू नाही." आणि बाबांचा खांदा घट्ट झालेला मी पाहिला, त्याच वेळी दादा उठला आणि त्यानं तळहातानं नळी खालून वर उडवली. दोन्ही बार एकदमच सुटले. छर्रे आभाळात गेले. सगळ्या तलावावरची पाखरं एका वेळी उठली, पंखांचा असा आवाज झाला की धुकं फाटल्यासारखं वाटलं. आणि त्या पानांमधून तो काळा गोळा उंच झाला, त्याच्याखाली कपाळ आलं, तोंड आलं, खांदे आले. ती बाई होती. दोन पालथ्या मडक्यांना बांबू बांधून त्यावर पोट टेकवून सिंगाडे खुडणारी, मानेपर्यंत पाण्यात, ओल्या केसांचा अंबाडा डोक्यावर घट्ट बांधलेली. तिला अजून काय झालं ते उमगलं नव्हतं. ती आमच्याकडे बघत उभी राहिली आणि तिच्या हातातून सिंगाडे पाण्यात पडत राहिले.

मला वाटलं बाबा आता खाली बसतील, डोकं धरतील. तिवारीजींचा चेहरा तर पांढरा पडला होता, ते "हे राम, हे राम" करत होते. बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, मग तिवारीजींकडे पाहिलं आणि मग दादाकडे वळले. बंदूक त्यांनी नळीकडून धरली. नळी गरम असणार, हात पोळला असणार, पण त्यांनी ती तशीच धरली आणि फिरवली. दस्ता दादाच्या डाव्या डोळ्यावर बसला. नारळ दगडावर आपटतात तसा आवाज झाला. दादा ओरडला नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांची ओंजळ चेहऱ्याला लावली, जणू काही सांडेल म्हणून. बाबा पुन्हा मारायला निघाले. तिवारीजींनी त्यांना मागून मिठी मारली आणि दोघं चिखलात पडले. मी पिशवी तशीच टाकून दादाकडे धावले. त्याच्या बोटांमधून रक्त येत होतं आणि रक्ताबरोबर दुसरंही काही पातळ, पाण्यासारखं येत होतं.

ती बाई पाण्यातून चालत काठावर आली. तिनं आपल्या लुगड्याचा पदर फाडला, तो पिळला आणि दादाच्या डोळ्यावर बांधला. तिचे हात गारठून निळे पडले होते आणि काटे टोचून बोटं फुटलेली होती. गाठ मारून झाल्यावर ती चिखलात बसलेल्या बाबांसमोर जाऊन उभी राहिली. "काय साब," ती म्हणाली, "हमाओ मूंड़ तुमें चिरैया दिखानो?" माझं डोकं तुला पाखरू दिसलं का, असं. बाबा तिच्याकडे बघतच नव्हते. ती परत पाण्यात उतरली, मडकी ओढत धुक्यात गेली आणि पुन्हा कधीच मला दिसली नाही. तिचं नावही मला ठाऊक नाही.

जीपमध्ये बाबांनी एकच वाक्य सांगितलं, आणि ते आम्हा सगळ्यांसाठी होतं: विनूनं बार काढला आणि बंदुकीचा धक्का लागला. तिवारीजींनी मान डोलावली. कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं. त्यांनी दादाच्या खांद्याकडेही पाहिलं, तिथे धक्क्याचा एकही वळ नव्हता, आणि पुन्हा बाबांकडे पाहिलं. मग त्यांनी सांगितलेलं तेवढं लिहिलं आणि दादाला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे डोळा राहिला, नजर गेली. पट्टी सुटली तेव्हा बुबुळावर पिठाच्या पाण्यासारखं पांढरं चढलेलं होतं.

आईला मी सगळं सांगितलं, नळावर, धुण्याच्या पाण्याच्या आवाजात. तिनं धोपटणं थांबवलं नाही. फक्त, "त्या बाईला काही झालं तर नाही ना?" एवढं विचारलं. मी नाही म्हटल्यावर ती बराच वेळ एकच उशीची खोळ धोपटत राहिली.

डॉक्टरी तपासणीचं बोलावणं आलं तेव्हा दादा गेला. काहून जातो, असं आईनं विचारलं, तर म्हणाला, त्यांनी नको म्हणू दे, मी कशाला म्हणू. पहिल्याच खोलीतून त्याला परत पाठवलं. त्या दिवशी येताना त्यानं शहरातल्या बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून खोव्याची जिलेबी आणली, सगळ्यांना वाटली आणि मागच्या व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसला. तो आता पुस्तक जरा तिरपं धरायचा. मी शेजारी बसले तर म्हणाला, "नलू, एका डोळ्यानं सगळं चपटं दिसतं. झाडावरचा कावळाही या चित्रासारखाच दिसून राहिला. जवळ का दूर, कळत नाही. पण खूण दिसते." हे त्यानं असं सांगितलं, जणू मलाच धीर द्यायचा होता. मी उठून न्हाणीघरात गेले आणि तोंडात ओढणी कोंबून रडले.

बाबांनी शिकार बंद केली. काही आठवडे त्यांनी कुणावर हात टाकला नाही, आणि मला वाटतं आम्ही तिघंही एकमेकांशी न बोलता तोच विचार करत होतो, की एका डोळ्यात भागलं. ते भागणार नव्हतं. उन्हाळा लागता लागता बाबांनी तिवारीजींशी बोलून दादाला त्यांच्या लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीवर, चिकटवायचं ठरवलं. संध्याकाळची वेळ, पाळी सुटलेली. दादा पाटावर बसला होता, आई कोपऱ्यात पाट्यावर लसणाची चटणी वाटत होती, मी ताटं घेत होते. बाबा कपडे बदलता बदलता म्हणाले, सोमवारपासून जायचं. दादा म्हणाला, मी जाणार नाही. बाबा म्हणाले की एका डोळ्याच्या माणसाला दुसरं कोण ठेवणार. तेव्हा दादा, वर न पाहता, सरळ आवाजात म्हणाला:

"तिवारीजींच्या टालीवर मी जाणार नाही. त्यांना ठाऊक आहे, तुम्ही एका बाईला मारणार होते. मला रोज त्यांच्या तोंडावर ते पाहायचं नाही."

इतक्या दिवसांत ते वाक्य घरात कुणी उच्चारलं नव्हतं. बाबांनी कमरेचा पट्टा ओढला. ते दादाच्या डाव्या बाजूला उभे होते. पट्टा वर गेलेला मी पाहिला, आईनं पाहिला. दादानं पाहिला नाही. त्या बाजूला त्याला आता काही नव्हतंच. लहानपणापासून पट्टा वर गेला की त्याचा हात आपोआप डोक्यावर जायचा. या वेळी तो तसाच बसला होता, शांत, ताटातलं मीठ बोटानं सारखं करत, आणि बक्कल त्याच्या कानशिलावर बसलं तेव्हा तो असा दचकला की जणू छत कोसळलं. ते दचकणं, मला वाटतं, आईला सहन झालं नाही. मार तिनं खूप पाहिला होता. पण पोरगं पट्ट्याखाली निवांत बसलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

पट्टा दुसऱ्यांदा वर गेला. आई उठली, तिच्या हातात वरवंटा होता, चटणीनं लाल झालेला. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि बाबांच्या मनगटावर घातला. काडकन् आवाज आला. पट्टा खाली पडला. बाबांनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो मनगटापासून भलत्याच दिशेला वळला होता. त्यांच्या तोंडून कुत्र्याच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला आणि ते भिंतीला टेकून खाली बसले. आई त्यांच्यासमोर उभी राहिली. वरवंटा अजून तिच्या हातात होता.

"पोराची ती बाजू आता माझी आहे," ती म्हणाली. "ध्यानात ठेवा."

शेजारी रेडिओ मोठा झाला होता, तो कुणीतरी बंद केला. इतकी शांतता त्या भिंतीपलीकडे मी कधी ऐकली नव्हती.

कारखान्याच्या दवाखान्यात तेच डॉक्टर होते. बाबांनी सांगितलं की नर्मदेवरच्या ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर शेवाळावरून पाय घसरला. सोबत मी होते. डॉक्टरांनी मनगटावरच्या लाल चटणीकडे पाहिलं, बोटानं ती पुसली, वास घेतला आणि म्हणाले, नर्मदामैय्या की कृपा है, हाथ ही टूटा. आणि लिहून घेतलं. मला हसू आलं होतं. इतक्या भीतीत माणसाला हसू येतं हे मला त्या दिवशी कळलं.

दादा त्याच उन्हाळ्यात सिवनीला मामाच्या ओळखीनं एका शाळेत लागला आणि पुढे तिथेच मास्तर म्हणून निवृत्त झाला. पोरं पाठीमागे त्याला काना मास्तर म्हणायची, काना म्हणजे एका डोळ्याचा. त्याला ठाऊक होतं. त्यानं आयुष्यात एकाही पोरावर हात उचलला नाही. हे मोठेपण म्हणून मी सांगत नाही. तो स्वतःच म्हणायचा की मला भीती वाटते, एकदा उचलला तर कुठे थांबेल. बाबांचं मनगट वाकडंच जुळलं. त्यांनी पुन्हा कुणाला मारलं नाही, हे खरं आहे, पण ते बदलले का, हे मला सांगता येणार नाही. काही माणसं थांबतात, बदलत नाहीत. शिव्या होत्या, आदळआपट होती, न जेवता उठणं होतं. हात मात्र नव्हता.

मला त्या दिवसांतलं सगळ्यात जास्त आठवतं ते दुसरंच. प्लास्टर उजव्या हाताला, कोपरापर्यंत. डाव्या हातानं जेवायला बाबा तयार नव्हते, ते अशुभ मानत. दोन दिवस ते काही खाईनात. तिसऱ्या दिवशी आईनं ताट वाढलं, वरणभात कालवला, वर तूप सोडलं आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. घास केला आणि हात उचलला.

बाबांनी डोळे मिटले. मान आत ओढली, खांदे वर गेले आणि प्लास्टरचा हात अर्धा चेहऱ्यापुढे आला. क्षणभरच. मग त्यांना कळलं की घास आहे, आणि त्यांनी तोंड उघडलं. आईचा हात हवेत तसाच थांबला होता. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. अशी नजर मी तिच्या चेहऱ्यावर आधी कधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. तिला आनंद झाला असेल असं मला वाटत होतं, तसं त्यात काहीच नव्हतं. मग तिनं हात जरा खाली घेतला आणि खालून, अगदी सावकाश, त्यांना पूर्ण दिसेल असा पुढे नेला. प्लास्टर निघेपर्यंत ती त्यांना तशीच भरवत राहिली.